ट्रॅजेक्टरीत एकूण ऊर्जा मध्येच उडी मारते: तपासायला कुठून घ्यायचं

प्रकाश पडल्यावर रेणू दुहेरी बंधाभोवती कसा वळतो हे संगणकावर लहान लहान काळ-टप्प्यांनी (स्टेप) चालवून बघतात; अशा एका रनमध्ये अणूंनी घेतलेला मार्ग म्हणजे ट्रॅजेक्टरी, आणि तीत एकूण ऊर्जा कायम राहायला हवी. आधी लक्षणं. रन नीट चाललेला असतो. पहिली सत्तर-ऐंशी फेम्टोसेकंद एकूण ऊर्जेची रेघ आडवी असते. मग एकाच स्टेपमध्ये ती पाऊण-एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर किंवा खाली जाते आणि तिथून पुढे पुन्हा आडवी धावते. प्रोग्रॅम कुरकुर करत नाही, रन पूर्ण होतो, शेवटी 'यशस्वी' असंही छापतो. शंभर ट्रॅजेक्टरींपैकी वीस-पंचवीसमध्ये हे दिसतं, आणि नेमक्या ज्यांत रेणू वळायला लागलेला असतो त्यांतच.

गेली काही वर्षं हा दोष मी स्वतःच्या आणि मग ज्युनियर मुलामुलींच्या रनमध्ये इतक्या वेळा काढलाय, की दारातून कोणी "दादा, परत उडी मारली" म्हणत आलं की मी पहिला प्रश्न ठरलेला विचारतो: उडी कशा आकाराची आहे? अर्धं निदान त्यातच असतं. रेघ सुरुवातीपासून हळूहळू तिरकी होत असेल तर तो वेगळा रोग. एका स्टेपपुरतं टोक येऊन रेघ जवळपास जागेवर परत येत असेल तर वेगळा. पायरी पडली आणि रेघ त्या नव्या उंचीवरच राहिली, तर वेगळा. आणि ही पायरी बरोबर हॉपच्या (रेणू एका इलेक्ट्रॉनिक अवस्थेतून दुसरीत जातो त्या क्षणाच्या) स्टेपला आहे, रन पुन्हा सुरू केला त्या स्टेपला आहे, की दोन्हीशी संबंध नसलेल्या ठिकाणी, हेही बघायचं.

उदाहरणासाठी एकच रेणू धरतो. रेटिनलचा छोटा नमुना, म्हणजे तीन दुहेरी बंध ओळीने, एका टोकाला नायट्रोजन, वर एक धनभार. चौदा अणू, ३६ कंपनं. डोळ्यातल्या रेटिनलवर प्रकाश पडला की ते सुमारे २०० फेम्टोसेकंदांत वळतं, हे १९९१ मध्ये प्रयोगाने मोजलं गेलं. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचे दहा लाख अब्ज तुकडे केले तर त्यातला एक. त्याच्याही आधी, १९७६ मध्ये, अरिए वॉर्शेल यांनी हे वळणं संगणकावर चालवून दाखवलं होतं. आज आपण वापरतो ती हॉपिंगची रीत जॉन टली यांची, १९९० ची: अणू एका वेळी एकाच ऊर्जा-पृष्ठावरून (एका इलेक्ट्रॉनिक अवस्थेत अणूंच्या जागांनुसार ऊर्जा कशी बदलते, त्या नकाशावरून) न्यूटनच्या नियमाने धावतात आणि मधूनमधून, संभाव्यतेनुसार, दुसऱ्या पृष्ठावर उडी घेतात. ही उडी हवी असलेली. आपण शोधतोय ती नको असलेली.

पाच मिनिटांचं काम: तुमचा आलेखच चुकलाय का

हसू नका. माझा एक अख्खा दिवस यात गेलाय. एकूण ऊर्जा म्हणजे गतिज ऊर्जा अधिक *त्या क्षणी रेणू ज्या अवस्थेत आहे* तिची स्थितिज ऊर्जा. माझ्या स्क्रिप्टमध्ये दुसऱ्या, म्हणजे वरच्या, अवस्थेचा कॉलम कायमचा बसवलेला होता. हॉप होऊन रेणू खालच्या अवस्थेत आला तरी स्क्रिप्ट वरच्याच अवस्थेची ऊर्जा मिळवत बसली.

ही चूक ओळखायची खूण आहे. हॉप बहुतेक वेळा दोन पृष्ठं जवळजवळ टेकलेली असतात तिथे होतो, म्हणजे अंतर तेव्हा थोडं असतं आणि पुढे वाढत जातं. त्यामुळे चुकीच्या कॉलमने पायरी पडत नाही, हॉपनंतर *चढण* लागते. चढण दिसली तर सिम्युलेशनला हात लावू नका, स्क्रिप्ट दुरुस्त करा.

याच बैठकीत तीन रेघा एकावर एक काढा: एकूण, गतिज, स्थितिज. पायरीच्या स्टेपला गतिज ऊर्जा गुळगुळीत आणि स्थितिज तुटलेली असेल, तर अणूंच्या हालचालीत खोट नाही, इलेक्ट्रॉनिक गणितात आहे. उलट असेल तर वेगांकडे बघा.

दहा मिनिटांचं काम: लाइट, डिस्क आणि पुन्हा सुरू केलेले रन

आपल्याकडे गोव्यात जून ते सप्टेंबर या प्रश्नाची उत्तरं निम्म्या वेळा इथेच मिळतात. फोंड्याकडे एक जोराचा पाऊस झाला की लाइट जाते, यूपीएस वीसेक मिनिटं तग धरतो, मग सगळं बंद. एका चवथीला (गणेशचतुर्थीला) आम्ही सगळे पाच दिवस आपापल्या गावी होतो. परत येऊन बघतो तर मशीन मधल्या काळात दोनदा बंद पडून आपोआप सुरू झालेलं, सगळे रन जिथे थांबले तिथून पुढे गेलेले, आणि प्रत्येकात त्याच जागी पायरी.

कारण दोन प्रकारचं असू शकतं. पहिलं साधं: अणूंच्या जागा १६६व्या स्टेपच्या आणि वेग १६५व्या स्टेपचे उचलले गेले. फेरीबोट चोडणच्या धक्क्याला लागलेली आणि वेग मात्र मांडवीच्या मधला, असा तो प्रकार. पायरी लहान असते, पण असते.

दुसरं जास्त फसवं. आधीच्या स्टेपची ऑर्बिटलं (इलेक्ट्रॉन बसतात ते कप्पे) तात्पुरत्या डिस्कवर असतात. मशीन पुन्हा सुरू झालं की बऱ्याच ठिकाणी ती डिस्क पुसली जाते. मग प्रोग्रॅम ऑर्बिटलं नव्याने, शून्यापासून अंदाजतो आणि कधीकधी वेगळ्याच उत्तराशी जाऊन थांबतो. इथे पायरी मोठी पडते. याचं मूळ खाली अ‍ॅक्टिव्ह स्पेसच्या भागात येईल, कारण रोग तोच आहे, लाइट फक्त निमित्त.

तपासायचं असं: लॉगमधली पुन्हा सुरू झाल्याची वेळ आणि पायरीची स्टेप जुळतात का बघा. डिस्क किती भरलीय बघा. ऑर्बिटलांची फाइल दर दहा स्टेपना कायमच्या डिस्कवर कॉपी करणारी एक ओळ स्क्रिप्टमध्ये घाला. आणि यूपीएसची बॅटरी फुगलेली दिसली, किंवा तो विनाकारण चिरकत असेल, तर झाकण उघडायचं नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवा.

एकक

एक मिनिट इथे थांबा. अणु-एककात काळाचं एक एकक म्हणजे ०.०२४२ फेम्टोसेकंद. अर्धा फेम्टोसेकंद म्हणजे साधारण २०.७ एकक. इनपुटमध्ये ०.५ लिहिलंत आणि प्रोग्रॅमने ते अणु-एकक धरलं तर रन चाळीस पटीने हळू चालेल, पण ऊर्जा अगदी सुंदर टिकेल. उलट झालं तर पहिल्या दहा स्टेपमध्येच हायड्रोजन निघून जातील. वेगांचंही तेच. विग्नर पद्धतीने (क्वांटम नियमांनुसार जागा आणि वेग चिठ्ठ्या काढल्यासारखे निवडून) सुरुवातीची स्थिती काढली असेल, तर शंभर ट्रॅजेक्टरींची सुरुवातीची सरासरी गतिज ऊर्जा ही शून्य-बिंदू ऊर्जेच्या (रेणू पूर्ण थंड असला तरी कंपनांत उरते तिच्या) निम्म्याच्या आसपास आली पाहिजे. दुप्पट-तिप्पट येत असेल तर कुठेतरी एकक चुकलंय.

एका रात्रीचं काम: टाइम स्टेप अर्धी करून बघा

सगळ्यांचा पहिला हात इथेच जातो, म्हणून मी मुद्दाम चौथ्या नंबरवर ठेवलंय. नायट्रोजन-हायड्रोजन बंधाचं एक कंपन सुमारे दहा फेम्टोसेकंदांत होतं, कार्बन-हायड्रोजनचं अकरा. अर्ध्या फेम्टोसेकंदाची स्टेप घेतली की एका कंपनात वीसेक बिंदू पडतात. बहुतेक रेणूंना तेवढे पुरतात.

पण अर्धी स्टेप घेऊन केलेला एक रन निदानाला फार उपयोगी पडतो, तो उपाय म्हणून नाही. वेरलेट पद्धतीत (अणूंना एकेका स्टेपने पुढे नेण्याची नेहमीची रीत) ऊर्जेची थरथर टाइम स्टेपच्या वर्गाच्या प्रमाणात असते. स्टेप अर्धी केली की थरथर पावपट झाली पाहिजे. झाली, तर दोष स्टेपचाच होता, लहान स्टेप ठेवा आणि सोडून द्या. पायरी मात्र *तेवढीच* उंच राहिली, फक्त थोडी पुढेमागे सरकली, तर स्टेप आणखी कमी करून काहीही होणार नाही. इथे मुलं ०.२५, मग ०.१, मग ०.०५ करत जातात. क्लस्टरची क्यू भरते, बाकीच्यांच्या शिव्या खातात, आणि पायरी आपली जागच्या जागी.

रेघ तिरकी होत जात असेल तर एकदा इलेक्ट्रॉनिक गणिताची अभिसरण-मर्यादा (गणित जुळलं असं कधी मानायचं ती हद्द) कडक करा. सैल ग्रेडियंटमुळे, म्हणजे अणूंवरचं बल ढोबळ काढल्यामुळे, दर स्टेपला थोडी थोडी ऊर्जा गळते. एका स्टेपचं टोक असेल, तर त्या स्टेपचं आउटपुट उघडा. बहुतेक वेळा गणित पुरतं जुळलेलं नसतं आणि प्रोग्रॅम तसाच पुढे गेलेला असतो.

पायरी बरोबर हॉपच्या स्टेपला असेल तर

हॉप झाला की स्थितिज ऊर्जा दोन पृष्ठांमधल्या अंतराएवढी बदलते. तेवढी ऊर्जा वेगांत मिळवायची किंवा वेगांतून काढायची असते. ती सोय बंद राहिली असेल, तर पायरी त्या क्षणीच्या अंतराएवढी, दशांशापर्यंत जुळणारी, पडते आणि तशीच राहते. इनपुटमधली एक ओळ बदलली की काम झालं.

यालाच लागून एक गोष्ट, जी आलेखात कधीच दिसत नाही. वेग *कोणत्या दिशेने* बदलायचे? सगळे अणू सरसकट थोडे थोडे हळू करणं सोपं, म्हणून अनेकजण तेच निवडतात. पण मग वर उडी घ्यायला छत्तीसच्या छत्तीस कंपनांतली ऊर्जा हाताशी येते, म्हणजे खऱ्या रेणूला जो हॉप परवडला नसता तोही होऊन जातो. रेणू मोठा तेवढी ही चूक मोठी. दोन अवस्थांना जोडणाऱ्या कपलिंगच्या दिशेतच वेग बदलावेत. ऊर्जेची रेघ दोन्ही प्रकारांत सारखीच आडवी दिसेल, आणि रेघ आडवी आहे म्हणून मी कितीतरी वेळा निर्धास्त राहिलोय.

पायरी हॉपला नाही, रीस्टार्टला नाही, स्टेप अर्धी करूनही हलत नाही

आता खरा आजार. वळणाऱ्या रेणूंच्या बाबतीत शेवटी बहुतेक वेळा इथेच येऊन थांबतो.

कॅस-एससीएफ (CASSCF) या इलेक्ट्रॉनिक गणिताच्या पद्धतीत आपण काही मोजकी ऑर्बिटलं 'अ‍ॅक्टिव्ह' म्हणून निवडतो, ज्यांत इलेक्ट्रॉन हवे तसे वाटता येतात; हीच अ‍ॅक्टिव्ह स्पेस. आपल्या नमुन्यात ४४ इलेक्ट्रॉन आहेत. तीन दुहेरी बंधांचे सहा पाय (π, दुहेरी बंधातल्या दुसऱ्या जोडीचे) इलेक्ट्रॉन आणि त्यांची सहा ऑर्बिटलं घेतली की पहिली १९ बंद, २० ते २५ अ‍ॅक्टिव्ह. सपाट रेणूत पाय आणि सिग्मा (σ, साध्या बंधांची) ऑर्बिटलं यांची सममिती वेगळी असते, ती एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून पहिल्या स्टेपला सगळं शहाण्यासारखं दिसतं. रेणू वळायला लागला की ती सममिती तुटते, आणि मग शेजारचं एखादं कार्बन-हायड्रोजन सिग्मा ऑर्बिटल हळूच आत येतं, पाय बाहेर जातं. पायरी नेहमी मध्येच का पडते, आणि वळणाऱ्या ट्रॅजेक्टरींतच का, याचं उत्तर हे.

सत्तरी तालुक्यातली एक ज्युनियर आहे, तिचा रन घेऊन मागच्या पावसाळ्यात बसलो होतो. पायरी ८३ फेम्टोसेकंदांवर, म्हणजे १६६व्या स्टेपला. १६५व्या स्टेपच्या आउटपुटमध्ये सहा ऑर्बिटलांची भरती (प्रत्येकात सरासरी किती इलेक्ट्रॉन) अशी होती: १.९७, १.९०, १.४८, ०.५३, ०.०९, ०.०३. पुढच्याच स्टेपला: २.००, १.९०, १.४८, ०.५३, ०.०९, ०.००. मधले चार आकडे जागचे हललेले नाहीत. टोकाचे दोन बघा. २.०० म्हणजे पूर्ण भरलेलं, ०.०० म्हणजे पूर्ण रिकामं. ही दोन ऑर्बिटलं अ‍ॅक्टिव्ह म्हणवून घेतात आणि काम काहीच करत नाहीत. विसाव्या ऑर्बिटलचं चित्र काढलं तर पाय बंधाचं नावही नव्हतं, नुसता कार्बन-हायड्रोजनचा फुगा.

"अगो, हे माटोळीसारखं आहे," मी तिला म्हटलं. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळांची चौकट. चौकट ठरलेली, सहाच गाठी. कांगलांचा (रानफळांचा) घोस सैल बांधलास की तो निसटतो, आणि तिथे कोणीतरी दुसरंच काहीतरी अडकवून ठेवतं. भरती २ ला किंवा ० ला टेकलेली असते ती गाठ सैल. १.९७ च्या गाठीवर गणिताचा जोर फार थोडा असतो, म्हणून सुटते तीच. १.४८ वाली कधी सुटत नाही.

हे पक्कं करायला एक चाचणी आहे, अर्ध्या दिवसाची आणि जवळपास फुकट. १६० ते १७० या स्टेपांच्या अणूंच्या जागा तयारच आहेत. नवी ट्रॅजेक्टरी चालवू नका. त्या अकरा जागांवर नुसती ऊर्जा काढा, आधी १६० वरून १७० कडे, प्रत्येक वेळी मागच्या जागेची ऑर्बिटलं सुरुवातीला देऊन. मग उलट, १७० वरून १६० कडे. जाताना आणि येताना एकाच जागेवर दोन वेगळ्या ऊर्जा मिळाल्या, तर तिथे गणिताची दोन उत्तरं आहेत आणि तुमचा रन एकावरून दुसऱ्यावर घसरलाय. दोन्हीकडून एकच ऊर्जा आली, तर अ‍ॅक्टिव्ह स्पेसला दोष देऊ नका, वर जा आणि वेग पुन्हा तपासा.

उपाय तीन, याच क्रमाने. मागच्या स्टेपची ऑर्बिटलं पुढच्या स्टेपला सुरुवात म्हणून दिली जातायत याची खात्री करा. काही इनपुटमध्ये ती ओळ गाळलेली असते. मग किती अवस्थांची सरासरी घेताय ते बघा. दोनचीच घेत असाल आणि तिसरी अवस्था वरून खाली येऊन दुसरीला ओलांडत असेल, तर पायरी त्या ओलांडण्याची असू शकते. तीनची सरासरी घेऊन तीच अकरा जागांची चाचणी परत करा. तरीही सुटलं नाही तर अ‍ॅक्टिव्ह स्पेस बदलायची: सैल गाठी काढून टाका किंवा घुसणाऱ्या सिग्माला रीतसर आत घ्या. आमच्या त्या रनमध्ये सैल गाठी काढून चार इलेक्ट्रॉन चार ऑर्बिटलं ठेवली आणि पायरी गेली. पण आधी सपाट रेणूची उत्तेजन-ऊर्जा दोन्ही निवडींत जवळपास तीच येते का ते बघितलं होतं. स्पेस बदलली की *सगळ्या* ट्रॅजेक्टरी पहिल्यापासून. पडलेल्या वीस नव्या स्पेसने आणि उरलेल्या ऐंशी जुन्या, अशी गोधडी शिवायची नाही.

पडलेल्या ट्रॅजेक्टरींचं काय करायचं

गुपचूप टाकून देऊ नका. धरा शंभरातल्या २२ मोडल्या. उरलेल्या ७८ पैकी ४७ वळल्या, म्हणजे ६० टक्के. आता त्या २२ सगळ्या वळल्या असत्या तर ६९ टक्के, एकही वळली नसती तर ४७. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेही. ७८ ट्रॅजेक्टरींची निव्वळ सांख्यिकी चूक साडेपाच टक्के-बिंदूंची असते, ही त्याहून मोठी निघाली. शिवाय मोडतात त्या वळणाऱ्याच, म्हणजे टाकून दिल्याने उत्तर एकाच बाजूला झुकतं. मोडायच्या आधीपर्यंतचा भाग अवस्थांच्या लोकसंख्येत (कोणत्या अवस्थेत किती ट्रॅजेक्टरी, त्या मोजणीत) धरा, आणि किती मोडल्या हे प्रबंधात लिहा. गाइड रागावतील तर रागावू देत.

कधी थांबायचं

एकाच अणु-रचनेची ऊर्जा क्लस्टरच्या दोन नोडवर (वेगवेगळ्या मशीनवर) काढून बघा. आठव्या दशांशापर्यंत जुळली पाहिजे. (पूर्ण ट्रॅजेक्टरी जुळणार नाही, तिथे बारीक फरक वाढतच जातात, त्याने घाबरू नका.) एकाच स्टेपची ऊर्जा जुळत नसेल तर मेमरी किंवा बसवलेल्या लायब्ररीत बिघाड आहे. क्लस्टर सांभाळणाऱ्यांना कळवा, स्वतः लायब्ररी बदलत बसू नका.

टीडी-डीएफटी (TD-DFT, उत्तेजित अवस्था काढायची दुसरी पद्धत) वापरत असाल आणि रेणू मूळ अवस्थेशी टेकायला आला असेल, तर तिथे दोन पृष्ठांचा छेदच त्या पद्धतीत नीट येत नाही, पृष्ठं टेकतात तिथल्या नरसाळ्याचा आकार चुकतो. वरच्या कुठल्याच तपासणीने ते सुधारणार नाही. तिथे पद्धत बदलावी लागते, आणि कोणती घ्यायची हे अनेक-संदर्भ गणितात (कॅस-एससीएफसारख्या पद्धतींत) हात बसलेल्या माणसाला विचारून ठरवा.

अ‍ॅक्टिव्ह स्पेसच्या तीन निवडी करून पाहिल्या आणि जाता-येताच्या ऊर्जा तरीही वेगळ्याच येतायत, तर चौथी करू नका. रेणूत जड धातू असेल तर एकही करायच्या आधी विचारा.

विचारायला जाताना "एनर्जी जंप होते" एवढंच लिहून मेल पाठवू नका. इनपुट, पायरीच्या आधीची आणि नंतरची अणु-रचना, दोन्ही स्टेपची ऑर्बिटल-फाइल, भरतीचे आकडे, आणि जाता-येताच्या चाचणीचा तक्ता एका फोल्डरमध्ये घाला. फोल्डरच्या नावात स्टेपचा नंबर असू दे.